मनी प्लांट आणि फिलोडेंड्रॉन: रंग नव्हे, देठ पाहावा

सोलापुरात बदामी आकाराच्या पानांची जी वेल खिडकीत दिसेल तिला मनी प्लांट म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु या एका नावाखाली दोन निराळ्या वनस्पती घरोघरी नांदत असतात. खरा मनी प्लांट म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियम. तो मूळचा प्रशांत महासागरातील मोओरिया बेटावरचा. १८८० मध्ये त्याचे वर्णन ‘पोथॉस’ या नावाने झाले, म्हणून रोपवाटिकांत तो आजही पोथॉस म्हणून विकला जातो. दुसरी वनस्पती म्हणजे मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या उष्ण जंगलांतील फिलोडेंड्रॉन हेडरेसियम. आपल्याकडील रोपवाटिकांत तिला बहुधा ऑक्सीकार्डियम म्हणतात. दोन्ही अळूच्या कुळातील असल्यामुळे पावसाळ्यात किंवा थंडीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ही गल्लत फारशी नडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पारा चाळिशीपलीकडे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि एकाला मानवलेली निगा दुसऱ्याला मानवेनाशी होते.

बहुतेक जण पानाच्या रंगावरून ओळखू पाहतात आणि तिथेच फसतात, कारण पोपटी रंगाचे प्रकार दोन्हींत आहेत आणि ते शेजारी ठेवले तर जाणकारही क्षणभर थबकतो. पाहायचा तो देठ. मनी प्लांटच्या देठावर वरच्या बाजूने पन्हळीसारखी खोबण असते, ती नखाला सहज लागते. फिलोडेंड्रॉनचा देठ बारीक व गोलसर असतो. त्याहून खात्रीची खूण नवे पान फुटताना दिसते. मनी प्लांटचे कोवळे पान आधीच्या पानाच्या देठातूनच गुंडाळीसारखे उलगडत बाहेर येते. फिलोडेंड्रॉनचे प्रत्येक नवे पान मात्र एका स्वतंत्र पातळ आवरणात जन्मते. पान उघडले की ते आवरण तपकिरी, कागदासारखे होऊन गळते. वेलीवर असे वाळके पापुद्रे दिसल्यावर काहींना रोग पडल्याची शंका येते, पण तो या वनस्पतीचा स्वभावच आहे. याखेरीज मनी प्लांटचे पान जाड, मेणचट आणि किंचित तिरके असते, तर फिलोडेंड्रॉनचे पातळ व मऊ असून देठाजवळ त्याची खाच खोल असते.

पानाच्या या जाडीतच निगेतला फरक दडलेला आहे. मनी प्लांट थोडा कोरडेपणा सोसतो. बोटाची दोन पेरे आत जातील तेवढी माती सुकल्यावर पाणी दिले तरी चालते आणि एखादी पाळी चुकली तर तो मलूल होतो, पण पाणी मिळताच सावरतो. फिलोडेंड्रॉनच्या पातळ पानांच्या कडा कोरड्या हवेत लवकर करपतात. त्याच्या कुंडीतील वरचे एक पेर सुकताच पाणी द्यावे. उन्हाळ्यात त्याला मातीच्या कुंडीऐवजी प्लास्टिकची कुंडी बरी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी उडून जाते. कूलरच्या खोलीतील दमट हवा त्याला मानवते. मात्र कूलरचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नये.

पाणी साचलेले मात्र दोघांनाही खपत नाही. आपल्या भागातील काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर भेगाळलेली असते, त्यामुळे मुळे कुजतात किंवा तुटतात. कोकोपीट, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे भुसभुशीत मिश्रण घ्यावे. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरे क्षार साठतात. ते दिसू लागले की वरचा थर काढून टाकावा आणि जमेल तेव्हा पावसाचे पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढावी.

उजेड दोघांनाही भरपूर पण थेट उन्हाविना हवा. पश्चिमेच्या खिडकीतील दुपारचे ऊन पाने भाजून काढते. पिवळ्या पट्ट्यांचा मनी प्लांट अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला तर त्याची नवी पाने हिरवी पडत जातात. दोन्ही वेली लोंबत सोडल्यास पाने लहान राहतात आणि काथ्या गुंडाळलेल्या खांबावर चढवल्यास मोठी होतात, परंतु आपल्या कोरड्या हवेत तो काथ्या ओलसर ठेवला तरच हवाई मुळे त्याला धरतात.

अळू ज्यामुळे खाजतो तेच कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक दोन्हींच्या पानांत असतात; म्हणून रांगणारे मूल किंवा मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर टांगावी.

नवी रोपे करण्यास मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाल्यानंतरचे दिवस उत्तम. फांदी घेताना तिच्यावर निदान एक पेर, म्हणजे पान जिथून फुटते ती गाठ, असावे, कारण पेराशिवाय नुसते पान पाण्यात ठेवल्यास त्याला मुळे फुटली तरी त्यातून वेल निघत नाही.