वस्तुचित्र : नकलेकडून निरीक्षणाकडे

एलिमेंटरी या शालेय चित्रकला परीक्षेत वस्तुचित्रासाठी मुलांसमोर एखादे भांडे आणि सोबत फळ किंवा भाजी मांडतात. या पद्धतीची मुळे लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनापर्यंत जातात. ब्रिटिश कारखान्यांच्या मालाला सौंदर्यदृष्टी नाही, ही टीका तिथे जोरात झाली. त्यावर उपाय म्हणून हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनचा २३ पायऱ्यांचा चित्रकला अभ्यासक्रम उभा केला. त्यात विद्यार्थी आधी छापील नमुन्यावरून बाह्यरेषा उतरवी, मग घन, शंकू, दंडगोल अशा ठोकळ्यांवरून रेखाटन करी आणि त्यानंतर छायाप्रकाशाकडे वळे. रंगवलेली वस्तुरचना बरीच पुढे येई.

जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, हीच शिस्त रुजली. १८६५ मध्ये तिथे जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. ग्रिफिथ्स यांनी पुढे विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या, त्या कामाला अचूक नक्कल करणारा सराईत हातच हवा होता. मात्र नकलेत एक उणीव राहते. छापील नमुन्यात खोलीचे रेषेत रूपांतर दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेले असते. वस्तू समोर आली की ते काम विद्यार्थ्याला स्वतः करावे लागते, आणि वस्तुचित्राचे खरे शिक्षण तिथेच आहे. पुढे शाळेचे प्रमुख झालेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जे. जे. मध्ये जिवंत मॉडेलवरच्या अभ्यासाला जोर आला. शाळकरी मुलांपर्यंत प्रत्यक्ष पाहून काढण्याची सवय पोहोचली ती मुख्यतः ग्रेड परीक्षांमुळे. या परीक्षा आता कला संचालनालय घेते. एलिमेंटरीला वस्तुचित्र असते, त्यापुढच्या इंटरमिजिएटला स्थिरचित्र, म्हणजे कापडासह मांडलेल्या वस्तूंचे रंगीत चित्र.

नकलेची सवय आजही सर्वाधिक आडवी येते ती तांब्याच्या तोंडाशी. तोंड गोल असते हे मुलाला ठाऊक असते, म्हणून ते फार उघडे काढले जाते. बूड पाटावर सपाट टेकलेले असते हेही ठाऊक असते, म्हणून तिथे आडवी सरळ रेषा मारली जाते. प्रत्यक्षात दोन्ही लंबवर्तुळे दिसतात. वर्तुळ डोळ्यांच्या पातळीवर असेल तर ते रेषेसारखे दिसते आणि जसजसे पातळीखाली जाईल तसतसे उघडते. त्यामुळे तांब्या डोळ्यांच्या खाली असला, तर बुडाची कमान तोंडाच्या कमानीपेक्षा जास्त गोलसर हवी. लंबवर्तुळाची टोके टोकदार झाली की भांडे चेपल्यासारखे दिसते.

यावर उपाय जुनाच आहे. प्रथम उभा मध्य अक्ष आखावा. हात पूर्ण ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर रुंदी मोजावी आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहावे. कोपर थोडे जरी वाकले तरी माप बदलते, म्हणून दोन्ही मापे एकाच बैठकीत घ्यावीत. मग मान, पोट आणि बूड यांच्या रुंदीच्या खुणा अक्षाच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर करून बाह्यरेषा जोडावी. लंबवर्तुळाची मागची बाजूही हलक्या हाताने पूर्ण काढावी, नंतर खोडता येते.

शिक्षकाने वस्तूच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर मुलांना बसवावे. फार जवळून मान हलवल्याशिवाय वस्तू पूर्ण दिसत नाही आणि उभ्या प्रमाणात गोंधळ होतो. पुढची रांग जमिनीवर, मागची बाकांवर असेल तर प्रत्येकाची दृष्टिपातळी वेगळी पडते. तेव्हा शेजाऱ्याचे चित्र पाहून काढलेले तोंड हमखास चुकते, आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळते.

उजेड एकाच बाजूने हवा. दोन खिडक्यांच्या मधोमध मांडणी केली तर पडछाया दोन पडतात आणि आकाराचा उठाव हरवतो. जलरंगात सर्वात उजळ ठिपका कागदाचा पांढराच राखून पातळ हात द्यावा, तो वाळल्यावर छायेचा दुसरा. ओल्यावरच दुसरा हात दिला तर पोटाच्या कडा फुटतात. पितळेच्या तांब्याची सावली काळ्या रंगाने केली की पिवळा हिरवट, मळकट होतो. तिथे तपकिरीत थोडा निळा मिसळून छाया घ्यावी. मागच्या कापडाचा रंगही भांड्याच्या कडेवर परावर्तित होतो. स्थिरचित्रात घड्या मोजून काढण्यापेक्षा हे परावर्तन टिपणे जास्त महत्त्वाचे आहे.