भाकरीवर ‘ग्लुटेन-फ्री’ची चिठ्ठी कुठून आली

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. त्या सुमारास नागपुरात ज्वारीच्या भाकरीला एक नवं विशेषण चिकटलं. सावजीच्या रश्श्यासोबत, झुणक्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाणारी आपली भाकर पुरवण्यांत, रील्समध्ये आणि पिठाच्या पाकिटांवर ‘ग्लुटेन-फ्री’ झाली. ते खोटं नाही, ज्वारीत ग्लुटेन नसतंच. पण हा शब्द दवाखान्यातून निघून भाकरीपर्यंत कसा आला आणि वाटेत त्याचा अर्थ किती बदलला, हे सांगायला हवं. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीसाठी तो शब्द म्हणजे औषध आहे.

ग्लुटेन काय असतं ते नागपूरकरांना समजावायला प्रयोगशाळा लागत नाही. लांब पोळी करणाऱ्या बाईचे हात बघावेत. सैल भिजवलेली कणीक ती आपटून आपटून मळते, मग गोळा हातांवर झेलत, कोपरापर्यंत लांबवत नेते आणि चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर अलगद टाकते. पोळी रुमालासारखी पातळ होते, पण फाटत नाही. तिला फाटू न देणारं जे गव्हातलं चिवट प्रथिन, ते ग्लुटेन. जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक विदेशी धान्य) या धान्यांतही त्याच कुळातली प्रथिनं आहेत. ज्वारीत हा चिवटपणा नाही, म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, भाकर थापावी लागते आणि जरा हात चुकला की कडा चिरतात.

बहुतेकांना या प्रथिनाचा काही त्रास नाही. सिलिअ‍ॅक हा आजार असलेल्यांच्या पोटात मात्र ते गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं मखमलीसारखं अस्तर सपाट होत जातं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या आजाराचं नेमकं वर्णन केलं. रोगी बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, असंही त्यांनी लिहून ठेवलं. कोणत्या आहाराने, ते त्यांना सापडलं नाही.

१९२४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं. त्यांनी दहा मुलांची हकिकत छापली: केळ्यांवर ठेवलेली आठ सुधारली, तो आहार न मिळालेली दोन दगावली. पुढे काही दशकं केळी हाच या आजारावरचा उपाय मानला गेला. खरी गोष्ट अशी की त्या आहारात ब्रेड आणि धान्यं बंद होती. मुलं सुधारली ती पानातून गेलेल्या पदार्थामुळे आणि श्रेय मिळालं ते पानात आलेल्या पदार्थाला. ही चूक मी मुद्दाम सांगते आहे, कारण शंभर वर्षांनी तीच चूक उलट्या बाजूने आपल्या बातम्यांत होते. एखादा माणूस गहू सोडतो, तेव्हा त्याच्यासोबत बेकरीची बिस्किटं, समोसे, ब्रेड, शंकरपाळे हेही सुटतं. महिन्याभरात वजन उतरतं आणि मथळ्यात ग्लुटेन दोषी ठरतं.

गव्हावर बोट ठेवलं ते नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात ते काम करत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे देशाच्या पश्चिम भागात उपासमार पडली, लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा खाल्ले. ब्रेड दुर्मिळ झाला आणि सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा खालावली. ही कथा नेहमी अशी सांगितली जाते की दुष्काळात डिके यांना एकदम साक्षात्कार झाला. प्रत्यक्षात गव्हाचा संशय त्यांना १९३०च्या दशकापासूनच होता आणि गहू वगळून बघण्याचे त्यांचे प्रयोगही सुरू होते. १९५० साली त्यांनी उट्रेख्ट विद्यापीठाला प्रबंध सादर केला, त्यामागे अशी दीड दशकाची चिकाटी होती. गोष्टीत ही मुरलेली मेहनत पुसली जाते, याचं मला वाईट वाटतं.

गव्हातलं नेमकं काय बाधतं, ते १९५२ साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी दाखवलं. त्यांनी जे केलं त्याच्याशी मिळतंजुळतं काम आपल्या घरोघरी दर उन्हाळ्यात होतं. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, वाटतात, पिळतात. खाली बसतो तो पांढराशुभ्र चीक आणि हातात उरतो तो चिवट चोथा. चीक म्हणजे मुख्यतः स्टार्च. ग्लुटेनचा बराचसा भाग चोथ्यात जातो. बर्मिंगहॅमला स्टार्च आणि ग्लुटेन वेगळे करून रुग्णांना दिले, तर स्टार्च पचला आणि ग्लुटेन बाधलं. (यावरून कुरडई सिलिअ‍ॅकच्या रोग्याला चालते असं कोणी समजू नये. घरच्या चिकात ग्लुटेनचा अंश राहतोच.)

एवढा काळ हा विषय डॉक्टरांच्या मासिकांपुरता होता. १९९७ साली या आजारात शरीर कोणत्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं ते कळलं आणि त्यातून आजची टीटीजी ही रक्ततपासणी आली. २००३ साली अमेरिकेत तेरा हजारांवर लोकांची तपासणी झाली, तेव्हा सर्वसाधारण लोकांत १३३ जणांमागे एकाला हा आजार आढळला. दुर्मिळ समजलेला आजार एकदम शेजारच्या घरात येऊन बसला.

मग आलं २०११. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचने त्या वर्षीचे पहिले ४१ सामने सलग जिंकले, जुलैत तो जगात पहिला झाला आणि या यशाचं श्रेय त्याने ग्लुटेन सोडण्याला दिलं. त्याच वर्षी पोटाच्या घेराचं खापर गव्हावर फोडणारं एका अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञाचं पुस्तक तुफान खपलं. तिथून ग्लुटेनची बातमी आरोग्याच्या पानावरून जीवनशैलीच्या पानावर गेली.

२०११ सालीच ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने एक छोटा अभ्यास छापला. सिलिअ‍ॅक नसलेल्या, पण पोटाची कायम तक्रार असलेल्या ३४ जणांत ग्लुटेन घेणाऱ्यांना जास्त त्रास झाला. बातम्या झाल्या: ग्लुटेन सगळ्यांनाच वाईट. त्याच गटाने २०१३ साली ३७ जणांवर जास्त काटेकोर प्रयोग केला. आधी आहारातले सहज आंबणारे साखरेसारखे घटक कमी केले, मग ग्लुटेन दिलं. त्रास वाढला नाही. आता बातम्या झाल्या: ग्लुटेनचा त्रास हे निव्वळ थोतांड. दोन्ही वेळा अभ्यास जेवढं म्हणत होता त्याच्या कितीतरी पुढे मथळा धावला. पुढे २०१८ साली नॉर्वेच्या अभ्यासात त्याच सहज आंबणाऱ्या घटकांपैकी फ्रुक्टान या एकाकडे बोट गेलं. तो गव्हात असतो, तसाच कांद्यात आणि लसणातही असतो. म्हणजे पोळी सोडून कांदा-लसणाचा झणझणीत रस्सा ओरपणाऱ्याचं पोट का दुखतं, याचं एक उत्तर इथे असू शकतं. हे मात्र क्वचितच छापून येतं.

२०१७ साली वारं फिरलं. एक लाख दहा हजार लोकांच्या दीर्घ नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी अभ्यासात ग्लुटेन खाण्याचा हृदयविकाराशी संबंध आढळला नाही. उलट, गरज नसताना ग्लुटेन टाळताना अख्खी धान्यंही सुटतात, त्याची काळजी करा, असं संशोधकांनी लिहिलं. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. बाजारातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं पुष्कळदा तांदळाचं पीठ, स्टार्च, साखर आणि तेलाची असतात, तंतू त्यांत कमीच असतात. त्यापेक्षा सिलिअ‍ॅक नसलेल्याने आपली पोळी खावी.

आपल्याकडची आकडेवारी २०१६ साली आली. हरियाणा, आसाम आणि तमिळनाडूच्या तेवीस हजारांवर प्रौढांची तपासणी झाली. सिलिअ‍ॅक उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, दक्षिणेत ०.१० टक्के निघाला. आजाराला पूरक जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्या प्रमाणात होती. गहू खाण्यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. नागपूर या तीन ठिकाणांत नव्हतं. आपण राहतो ते सीमेवर: पूर्वेला भंडारा-गोंदियाचा धान, पश्चिमेला वऱ्हाडची ज्वारी, उत्तरेकडून येणारा सिहोरचा शरबती गहू. ज्वारीचं रान सोयाबीनखाली गेलं, रेशनवर गहू आला आणि रोजची भाकर कधीतरीची झाली. या गव्हाच्या ताटासोबतच आपल्याकडे सिलिअ‍ॅकचा विचार व्हायला हवा होता. आला तो वजन घटवण्याचा सल्ला.

त्या सल्ल्याचा चटका आमच्या घराला बसला. भाची अकरा वर्षांची, उंची थांबलेली, हिमोग्लोबिन टॉनिक देऊनही वर येईना, पोट सतत फुगलेलं. बहिणीने एका पुरवणीत ‘पंधरा दिवस गहू सोडून बघा’ असं वाचलं आणि पोळी बंद केली. मुलगी जरा बरी दिसू लागली, म्हणून बंदच ठेवली. पाच महिन्यांनी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा टीटीजी जवळजवळ नॉर्मल आली. गहू बंद केला की प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून येतं, मग तपासणीत आजार दिसत नाही. तपासणी आधी आणि गहू बंद नंतर, हा क्रम त्या लेखात कुठेही नव्हता. डॉक्टरांनी सहा-आठ आठवडे पुन्हा रोज गहू खायला सांगितला. ते दिवस मी विसरू शकत नाही. पोट धरून बसलेली पोर मला म्हणायची, “मावशी, मी खाऊन राहिली ना दोन पोळ्या, आता पुरे ना?” मग दुर्बिणीची तपासणी, आतड्याचा तुकडा, आणि निदान.

त्यानंतर कळलं की घरात ज्वारी असून भागत नाही. आपल्याकडे चक्कीवर ‘गव्हावर गहू दळा’ म्हणून सांगायची पद्धत आहे, कारण आधीच्या दळणाचं पीठ आत राहतं हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. आमची ज्वारी गव्हामागून दळली जात होती. भारतातला नियम असा की ज्या पदार्थावर ग्लुटेन-फ्री लिहायचं, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. किलोभर ज्वारीच्या पिठात एक ग्रॅम कणीक पडली तरी ही मर्यादा चार-पाच पटींनी ओलांडते. हिंगाच्या डबीतही पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. आणि लग्नाच्या पंगतीत वाढणारा म्हणतो, “थोड्याने काही होत नाही, ते डाएटवाले पण खातात.” आजाराची फॅशन झाली, की आजारी माणसाचं ‘नको’ असं हलकं होतं.

आता बहिणीकडे घरघंटी आली आहे. तिच्यात गहू जात नाही. दर महिन्याला इतवारीतून ज्वारी येते, भाची स्वतः निवडते. सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत टीटीजी निम्म्याच्या खाली आली होती आणि दारामागच्या भिंतीवरची पेन्सिलची रेघ दोन बोटं वर सरकली होती.