स्नोमोबाइलचा क्लच हलका का होत गेला?

बेळगावात बर्फ पडत नाही. तरी स्नोमोबाइलच्या क्लचचा सख्खा भाऊ इथल्या निम्म्या घरांपुढे स्टँडवर उभा असतो. अ‍ॅक्टिव्हाचं डाव्या बाजूचं कव्हर उघडलं की पुढे व्हेरिएटर, मागे दुसरी पुली आणि दोन्हींवर ताणलेला रुंद बेल्ट दिसतो. कॅनडा-अमेरिकेतली बर्फगाडी याच जोडीवर पळते. फरक एवढाच की आपल्या स्कूटरमध्ये धरण्या-सोडण्याचं काम मागचे क्लच शू आणि बेल करतात. स्नोमोबाइलमध्ये गाडी उभी असताना बेल्ट पुढच्या पुलीत सैल पडलेला असतो. रेस वाढली की पुलीच्या दोन चकत्या जवळ येऊन त्याला धरतात. म्हणून तिकडे पुलीलाच क्लच म्हणतात, पुढचा प्रायमरी आणि मागचा सेकंडरी.

ही यंत्रणा बर्फात जन्मलेलीच नाही, ती स्कूटरवरून तिकडे गेली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात फॉस्टर सॅल्सबरी यांच्या कंपनीने मोटर ग्लाइड नावाच्या स्कूटरला गिअर न बदलता चालणारी बेल्टची पुली बसवली. पुढे १९५८ मध्ये हॉलंडच्या डाफ कंपनीने याच तत्त्वावर छोटी मोटारही काढली. जोझेफ-आर्मांद बोंबार्डिए यांची स्की-डू ही बर्फगाडी कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या व्हालकूर गावातून १९५९ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या इंजिनाची ताकद जेमतेम ७ हॉर्सपॉवर होती. साठच्या दशकात बर्फगाड्यांचे कारखाने धडाधड निघाले, आणि त्यांपैकी अनेकांनी सॅल्सबरीचेच क्लच घेतले. सत्तरीच्या सुरुवातीला असे शंभरावर कारखाने होते. मग तेलाचे भाव कडाडले, आणि त्यातले बहुतेक बंद पडले.

जे टिकले त्यांची इंजिनं मात्र वाढतच गेली. आजच्या ८५० सीसी टू-स्ट्रोकमधून १६५ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद मिळते, आणि ती सगळी एका रबरी बेल्टवरून जाते. बेल्टच्या आत अ‍ॅरामिडचे (केव्हलरसारखे चिवट कृत्रिम) धागे आले, पुल्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाल्या. हलके सुटे भाग विकणारा बाजार याच काळात फोफावला.

या बाजाराच्या जाहिराती वाचताना एक घोळ हमखास होतो. क्लचमध्ये वजन दोन ठिकाणी असतं, आणि दोन्हींचं काम वेगळं. पहिलं म्हणजे प्रायमरीतले वजनी हात, आपल्या स्कूटरमधल्या रोलरचे नातेवाईक. इंजिन फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि चकत्या आवळतात. त्यांचा जोर वजनाच्या पटीत आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वजन कमी केलं तर तेवढाच जोर मिळवायला इंजिनाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. थोडक्यात, इंजिन कुठल्या आरपीएमवर काम करणार हे या ग्रॅमांवर ठरतं. दुसरं वजन पुलीच्या अंगाचं. ते कमी केलं तर कमाल ताकद वाढत नाही, रेस चढायला आणि उतरायला लागणारा वेळ तेवढा कमी होतो.

पहिल्या प्रकारचं वजन घटवायला लावलं ते डोंगरांनी. उंचीवर हवा विरळ असते आणि इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के गळते. कोलोरॅडोत दहा हजार फुटांवर गेलेल्या गाडीच्या ताकदीचा चौथा हिस्सा तरी हवेतच जिरलेला असतो. मैदानात बसवलेल्या वजनांना ते अशक्त इंजिन उचलूच शकत नाही, आरपीएम खाली बसतात आणि गाडी मलूल होते. त्यामुळे कंपन्या स्वतःच उंचीप्रमाणे वजनं आणि चकत्यांना उलट ढकलणारी स्प्रिंग सांगणारे तक्ते देतात. सुटे भाग बनवणाऱ्यांनी त्यावर छोट्या स्क्रूंनी कमी-जास्त करता येणारी वजनं आणली.

हे हिशेब आपल्याकडच्या लोकांना अगदीच परके नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, आणि सियाचीनची ड्यूटी करून आलेल्या जवानांना स्नो स्कूटर, म्हणजे हीच बर्फगाडी, चांगली माहीत असते. अठरा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रकाठच्या साठ टक्क्यांहूनही खाली येते. बेळगाव स्वतः सुमारे ७५० मीटरवर. इथे तूट सहा-सात टक्क्यांची, तेवढ्यासाठी कोणी रोलर बदलू नयेत. तरीही चोर्ला घाटात डबलसीट चढताना पिकअप मिळावा म्हणून हलके रोलर टाकून घेणारे आहेतच. पिकअप येतो, हे खरं. सोबत इंजिनाचा आरडाओरडा येतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं, तेही तितकंच खरं.

दुसऱ्या प्रकारचं हलकेपण उशिरा आलं. १९९० च्या दशकात बर्फावर फिरणारा लांब ट्रॅक असलेल्या डोंगरी बर्फगाड्या लोकप्रिय झाल्या. भुसभुशीत बर्फात, झाडांमधून वाट काढताना थ्रॉटल सतत उघड-बंद होतो. तिथे फिरणारं प्रत्येक शंभर ग्रॅम हाताला जाणवतं, मग अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कापलेल्या पुल्या आल्या. ठोकळ्यातून भाग कापणं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या टर्नरला नवलाचं नाही. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान मांडलं, तिथल्या जिल्ह्यात आज हत्तरगीला विमानांचे सुटे भाग कापले जातात. कापणं जमेल. अवघड आहे ते बॅलन्सिंग. आठ हजार आरपीएमवर फिरणाऱ्या चकतीतला थोडासाही झोक क्रँकच्या बेअरिंगला खातो, आणि चीर गेलेली चकती फुटली तर तुकडे गोळीसारखे सुटतात. क्लचवरचं गार्ड वजन वाचवण्यासाठी काढणारे महाभाग तिकडेही असतात म्हणे.

माझ्या मते हलकी पुली ही सगळ्यात शेवटी घ्यायची चीज आहे. आधी दोन पुल्या एका रेषेत आहेत का आणि बेल्टचा ताण बरोबर आहे का ते बघायचं. मग वजनं, मग स्प्रिंग, मग सेकंडरीतला तिरका कॅम, जो चढावर भार आला की बेल्टला घट्ट धरून ठेवतो. यातलं बरंचसं काम काही ग्रॅमच्या वजनांच्या संचात आणि एका स्प्रिंगमध्ये उरकतं. झिजलेल्या बेल्टवर महागडी पुली चढवली तर नव्या चकत्यांवरही बेल्ट घसरणारच.