किलिमांजारो चढताना मूत्रपिंडं काय करतात?

उंचावरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. टांझानियातल्या किलिमांजारोच्या माथ्यावर, ५८९५ मीटरवरही, हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. निम्म्यावर येतो तो हवेचा दाब: समुद्रसपाटीला पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, तिथे साधारण ३८०. शिवाय श्वासातली हवा शरीरात ओली होते आणि त्या बाष्पाचा दाब कुठेही ४७ मिलिमीटरच राहतो. तो वजा करून २१ टक्के काढा, की ऑक्सिजनचा दाब मिळतो: खाली १५०, वर ७०. निम्म्याहूनही कमी!

मानेतल्या धमन्यांपाशी असलेल्या संवेदी पेशींना हा तुटवडा कळतो आणि श्वास वाढतो. पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त आम्लारिधर्मी होऊ लागतं आणि मेंदूतलं श्वसनकेंद्र श्वासाला लगाम घालतं. ही ओढाताण रात्री तंबूत दिसते. झोपलेल्याचा श्वास काही सेकंद थांबतो, मग धापा टाकत सुरू होतो. तोडगा काढतात मूत्रपिंडं. ती रक्तातलं बायकार्बोनेट हे आम्लारी लघवीवाटे टाकून देतात आणि लगाम सैल होतो. याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात, तेव्हा छोट्या मोहिमेत त्यांच्या भरवशावर राहू नये.

अॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांचं हेच काम लवकर करवून घेतं. प्रौढांसाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण डॉक्टरांना विचारूनच. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. कापूर हुंगून यातलं काहीच होत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, इतकंच.

३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. मारंगू वाटेवरचे मुक्काम पाहा: मंदारा २७००, होरोंबो ३७००, किबो ४७००. पाच दिवसांच्या स्वस्त पॅकेजमध्ये मूत्रपिंडांना वेळच मिळत नाही. निदान होरोंबोला एक मुक्काम वाढवावा. माचामे वाट बरी: लाव्हा टॉवरला ४६०० पर्यंत चढून झोपायला बरांकोला, ३९००च्या आसपास उतरतात.

डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर बरं वाटेपर्यंत वर जाऊ नये. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर मेंदूला सूज आल्याचा संशय घ्यावा. बसल्या जागी धाप लागत असेल, तर फुफ्फुसांत पाणी झाल्याचा. अशा वेळी उजाडायची वाट न पाहता रात्रीच खाली निघायचं, आणि आजाऱ्याला एकट्याला धाडायचं नाही.