कर्मचाऱ्यांचे स्वयंसेवी वृक्षारोपण

कंपनीच्या पुढाकाराने तिच्या कर्मचाऱ्यांनी झाडे लावण्यासाठी व जगवण्यासाठी केलेले श्रमदान. त्याचा वेगळा मोबदला मिळत नाही; काही कंपन्या त्यासाठी भरपगारी दिवस देतात, काही ठिकाणी लोक सुट्टीच्या दिवशी येतात. महाराष्ट्रात ही प्रथा पुणे आणि मुंबई-ठाणे या पट्ट्यांत विशेष दिसते. जून-जुलैतल्या एखाद्या शनिवारी कंपनीची बस टेकडीच्या पायथ्याशी थांबते, एकसारखे टी-शर्ट घातलेली मंडळी उतरतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत शेकडो रोपे जमिनीत जातात. उपक्रम फळाला आला की नाही, हे कळायला मात्र पुढचे तीन उन्हाळे जावे लागतात.

पावसाळ्याच्या तोंडावर सामूहिकपणे झाडे लावण्याची रीत देशभर पसरली ती १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केलेल्या वनमहोत्सवामुळे. कारखान्यांच्या आवारात कामगारांच्या हातून जंगल उभे करण्याचा मोठा प्रयोग जपानमध्ये १९७०च्या दशकात झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी निप्पॉन स्टीलच्या ओइता येथील कारखान्याभोवती स्थानिक झाडांची दाट लागवड करवून घेतली. हीच पद्धत पुढे कर्नाटकातील बिडदीच्या टोयोटा कारखान्यात आली. तिथले अभियंते शुभेंदू शर्मा यांनी नंतर नोकरी सोडून तिच्या प्रसाराचे काम हाती घेतले. महिंद्र समूहाने २००७ मध्ये ‘हरियाली’ हा वृक्षलागवडीचा कार्यक्रम सुरू केला.

अशा उपक्रमांना खरा जोर आला कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५मुळे. ५०० कोटी रुपये निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. अशी कोणती कामे धरली जातात त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे; तीत पर्यावरण व वनसंपदेचे रक्षण येते. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची रुपयांत किंमत लावून ती या खर्चात दाखवता येत नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. रोपे, खड्डे, पाणी, कुंपण, राखणदार यांवरचा खर्च मात्र धरता येतो. शिवाय ‘चालू प्रकल्प’ म्हणून सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे काम पुढे नेण्याची मुभा आहे. झाडांच्या दृष्टीने हीच तरतूद सर्वांत मोलाची. तरीही पुष्कळ लागवडी एका वर्षाच्या हिशेबावरच आखल्या जातात, हे दुर्दैव आहे.

प्रत्यक्ष काम उन्हाळ्यातच सुरू होते. पुण्याच्या टेकड्यांवर मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. त्यामुळे साधारण दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू द्यावे लागतात. हे कष्टाचे काम बहुधा मजुरांकडून होते. स्वयंसेवक येतात तेव्हा खड्डे तयार असतात. त्यांच्या वाट्याचे काम सोपे दिसते, पण चुका तिथेच होतात. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, तळाशी वेटोळे झालेली मुळे छाटायची. रोप पिशवीत जितके मातीत होते तितकेच खड्ड्यात ठेवायचे. खोड खोल गाडले तर ते कुजते. मग माती पायाने हलकेच दाबायची, बांबूची काठी रोवून सुतळी सैल बांधायची, आळे करून त्यात वाळल्या गवताचे आच्छादन घालायचे. घाईत पिशवीसकट लावलेली रोपे पावसाळाभर हिरवी दिसतात आणि दिवाळीनंतर माना टाकतात.

पाऊस परतला की पुढच्या जूनपर्यंत सुमारे आठ महिने रोपाला माणसाच्या पाण्यावर जगायचे असते. टेकडीवर टाकी, नळी किंवा कॅन, आणि ते वाहणारे हात लागतात. जानेवारीपासून वणव्याची भीती असते, म्हणून गवत कापून जाळपट्टे, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढावे लागतात. पुढच्या पावसाळ्यात मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भराव्या लागतात. पुण्यात टेकड्यांवर वर्षानुवर्षे हे काम करणारे रहिवाशांचे गट आहेत. बाणेरच्या तुकाई टेकडीवरचे काम त्यांपैकीच. मार्च-एप्रिलच्या रविवारी अशा गटाला पाणी घालायला गेलेले वीस कर्मचारी जुलैत फोटोसाठी उभ्या राहिलेल्या दोनशेंपेक्षा टेकडीच्या अधिक उपयोगी पडतात.

टिकलेल्या कामाचे उदाहरण म्हणजे पुण्यातील वारजे येथील स्मृतिवन. वनविभागाच्या १६.८ हेक्टर ओसाड जमिनीवर वनविभाग, टेरे पॉलिसी सेंटर ही संस्था व टाटा मोटर्स यांच्या सहभागातून देशी झाडांचे वन उभे राहिले. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने २०० नगरवनांची योजना जाहीर केली, तेव्हा याच वनाचा दाखला दिला. उलट, केवळ आकड्यांच्या मागे लागलेल्या मोहिमांवर वाद झाले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २०१९च्या ३३ कोटी वृक्षलागवडीतही अनेक संस्था-कंपन्यांना सामील करून घेतले होते. तिच्या चौकशीसाठी २०२१मध्ये विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा झाली.

जागा व जात यांची निवड हा स्वयंसेवकांच्या हाताबाहेरचा, पण त्यांनी विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प भराभर वाढते म्हणून सर्रास लावले गेले आणि त्याच्या दाटीत स्थानिक झाडोऱ्याला जागा उरली नाही. आता खैर, धावडा, पळस, बहावा, करंज, शिवण अशा जाती मागितल्या जातात, पण रोपवाटिकेत त्या आयत्या वेळी मिळत नाहीत. वर्षभर आधी सांगून ठेवावे लागते. मियावाकी पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे बसतात. शहरातल्या लहान, पाण्याची सोय असलेल्या तुकड्याला ती चालते. कोरड्या माळाला चालत नाही.

काही माळ तर मोकळेच राहायला हवेत. बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलेले आहे आणि आसपासच्या गवताळ रानांत लांडगेही वावरतात. अशा गवताळ जमिनीला ‘पडीक’ समजून तिथे खड्डे घेतले की तिथल्या प्राण्यांचा निवारा मोडतो. तिथे कर्मचाऱ्यांना देण्याजोगे दुसरे काम असते: प्लॅस्टिक वेचणे, घाणेरीसारखी परकी झुडपे उपटणे, वनविभागाबरोबर वन्यप्राण्यांच्या नोंदी ठेवणे.