थाळी कुणाची, शोध कुणाचा? ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातल्या कोड्यांची पार्श्वभूमी

'मी कथलाची थाळी. ठोकून मला सपाट केलं, माझ्यावर अक्षरं कोरली, एका बेटावर खांबाला खिळ्यांनी ठोकलं आणि जहाज निघून गेलं. सांगा, मला तिथं कुणी सोडलं?'

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावर 'ओळखा पाहू' खेळायचं तर मी सुरुवात या कोड्यानं करेन. उत्तर आहे डर्क हार्टॉग. डच ईस्ट इंडिया कंपनीचा हा कप्तान 'एंड्राख्त' जहाज घेऊन जावाकडे निघाला होता. त्या काळी डच जहाजं आफ्रिकेचं टोक ओलांडलं की दक्षिणेकडच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन पूर्वेकडे जात आणि मग उत्तरेला वळत. रेखांश मोजायचं खात्रीचं साधन नव्हतं. वळायला उशीर झाला की समोर अनोळखी किनारा! हार्टॉगचं तेच झालं. 25 ऑक्टोबर 1616 रोजी तो ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, आजच्या शार्क बे परिसरातल्या एका बेटावर उतरला आणि जहाजाचं नाव, प्रमुख माणसांची नावं, तारीख थाळीवर कोरून ठेवून गेला.

कोड्याची खरी गंमत पुढं आहे. 1697 मध्ये विलेम द व्लामिंग हा दुसरा डच कप्तान त्याच जागी पोचला. त्याला ती थाळी सापडली. ती त्यानं बरोबर घेतली, पण जागा रिकामी ठेवली नाही. नव्या थाळीवर हार्टॉगचा मजकूर जसाच्या तसा उतरवला, खाली आपला जोडला आणि ती तिथं ठोकली. जुनी थाळी आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. नवी थाळी 1818 मध्ये फ्रेंचांनी उचलली. ती 1947 मध्ये ऑस्ट्रेलियाला परत मिळाली. याच व्लामिंगच्या माणसांना सफरीत काळे हंस दिसले. तोवर युरोपात 'काळा हंस' म्हणजे अशक्य गोष्ट, जसं आपल्याकडे सशाचं शिंग.

आता सगळ्यांनी पाठ केलेला प्रश्न. ऑस्ट्रेलियाचा शोध कुणी लावला? आपल्यापैकी कितीतरी जण डोळे मिटून 'कॅप्टन कुक' म्हणतील. कुक पूर्व किनाऱ्यावर आला 1770 मध्ये. त्याच्या 164 वर्षं आधी, 1606 मध्ये, विलेम यान्सझोन 'डॉइफकेन' जहाजातून केप यॉर्कच्या किनाऱ्याला लागला होता. युरोपीय माणूस इथं उतरल्याची ती सर्वांत जुनी नोंद. म्हणून प्रश्नमंजूषेतले हुशार लोक 'यान्सझोन' म्हणतात आणि गुण मिळवतात.

मला तेही उत्तर मान्य नाही. देशाच्या उत्तरेतल्या माजेदबेबे या कातळनिवाऱ्यात सापडलेल्या मानवी वस्तीच्या खुणा सुमारे 65,000 वर्षांपूर्वीच्या असल्याचं संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. काही अभ्यासकांना हा आकडा जास्त वाटतो, पण त्यांच्याही हिशेबात काही दशसहस्र वर्षं भरतातच. 29 एप्रिल 1770 रोजी कुकची होडी बॉटनी बेच्या किनाऱ्याकडे आली तेव्हा ग्वीगल या मूलनिवासी समाजाचे दोन पुरुष भाले घेऊन वाट अडवून उभे होते. कुकच्या बाजूनं बंदुका झाडल्या गेल्या. ज्या घरात माणसं राहताहेत, त्या घराचा 'शोध' कसा लागतो? ही जमीन कुणाचीच नव्हती, ही समजूत कायद्यानं मोडीत निघायला 3 जून 1992 उजाडावा लागला. त्या दिवशी मूलनिवासींच्या जमीनहक्काच्या मॅबो खटल्याचा निकाल लागला.

असाच फसवा प्रश्न मूलनिवासींच्या मताधिकाराचा. उत्तर म्हणून हमखास 1967 सांगितलं जातं. त्या वर्षी 27 मे रोजी सार्वमत झालं आणि 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला, हे खरं. पण ते सार्वमत मूलनिवासींची जनगणनेत मोजदाद व्हावी आणि त्यांच्यासाठी संसदेला कायदे करता यावेत यासाठी होतं. संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क सर्व मूलनिवासींना 1962 मध्येच मिळाला होता.

राजधानीचं कोडं त्या मानानं हलकंफुलकं. कॅनबेराआधी संसद कुठं भरायची? मेलबर्नमध्ये, 1901 पासून 1927 पर्यंत. नव्या राजधानीच्या नावासाठी लोकांकडून शेकड्यांनी सूचना आल्या. कुणी शेक्सपिअरचं नाव सुचवलं, तर कुणी सगळ्या राज्यांच्या राजधान्यांचे तुकडे जोडून 'सिडमेलॅडपरब्रिशो'! 12 मार्च 1913 रोजी गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी डेनमन यांनी जाहीर करेपर्यंत खरं नाव गुलदस्त्यातच होतं.

पण या देशात प्रश्न विचारणं नेहमी खेळ नव्हतं. 1901 च्या कायद्यानं स्थलांतरितांसाठी श्रुतलेखनाची परीक्षा आणली. अधिकारी 50 शब्दांचा उतारा वाचणार आणि समोरच्यानं तो लिहायचा. भाषा युरोपातली कोणतीही, आणि ती निवडणार अधिकारी. इंग्रजी येणाऱ्या माणसापुढे दुसरीच एखादी भाषा टाकता येई. माणूस गोरा नसेल तर नापास करायचं हे आधीच ठरलेलं असे, आणि त्यात आपल्याकडचे लोकही आले. 1909 नंतर ही परीक्षा एकही जण उत्तीर्ण झाला नाही. 1934 मध्ये एगॉन किश या नाझीविरोधी पत्रकाराला देशात येऊ द्यायचं नव्हतं. त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून स्कॉटिश गेलिकचा उतारा दिला गेला. कायद्याला अभिप्रेत असलेली 'युरोपीय भाषा' ही नव्हे, असं उच्च न्यायालयानं ठरवलं आणि किश सुटला. परीक्षा मात्र 1958 पर्यंत टिकली.

आज नागरिकत्वासाठी वेगळी चाचणी असते. ती 2007 मध्ये सुरू झाली. 20 प्रश्न, त्यातले 15 बरोबर यावे लागतात, आणि मूल्यांवरचे 5 तर सगळेच. तिथं स्थायिक झालेल्या मराठी माणसांनाही नागरिकत्व घ्यायचं तर ती द्यावी लागते. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की अभ्यासाची पुस्तिका आधीच हातात मिळते.

शेवटचं कोडं अगदी ताजं. 1 जानेवारी 2021 रोजी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रगीतातला एकच शब्द बदलला. कोणता? आधी देश 'तरुण आणि मुक्त' होता. आता तो 'एक आणि मुक्त' आहे.