पाचोळा कुजत नाही, कारण नत्र कमी पडतं

आंब्या-फणसाचा पाचोळा वर्ष उलटलं तरी खड्ड्यात तसाच दिसतो. पान गळण्याआधी झाड त्यातलं बरंचसं नत्र (नायट्रोजन) काढून घेतं आणि कर्ब (कार्बन) मागे राहतो. वाळक्या पानांत कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण ६०:१ असतं. जिवाणूंना झपाट्याने वाढायला ३०:१ च्या आसपास लागतं.

आता हिशोब. १० किलो वाळक्या पानांत सुमारे साडेचार किलो कर्ब आणि ७५ ग्रॅम नत्र असतं. प्रमाण ३०:१ वर आणायला नत्र दुप्पट लागतं, म्हणजे आणखी ७५ ग्रॅम नत्र हवं. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा १६० ग्रॅम युरिया पुरतो. रासायनिक खत नको असेल तर शेंगदाणा पेंड सव्वा ते दीड किलो, किंवा गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) ओला पाला पानांच्या दुप्पट वजनाने. शेणाबद्दल मात्र गैरसमज फार. ताज्या शेणात ८० टक्के पाणीच. एवढी तूट निव्वळ शेणाने भरायची तर अर्ध्या क्विंटलहून जास्त लागेल. शेणकाला घालावा तो विरजण म्हणून. आणि गूळ? त्यात कर्बच असतो, म्हणजे तूट वाढतेच.

पानं चुरून रात्रभर भिजवावीत. ढीग लांबी-रुंदी-उंचीला तीन फुटांपेक्षा लहान नको, नाहीतर ऊब टिकत नाही. अर्धा युरिया पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडावा, उरलेला आठ-दहा दिवसांनी ढीग पालटताना. ओल किती? मूठभर पाला घट्ट पिळल्यावर एखाद-दोन थेंबच गळावेत. दोन-तीन दिवसांत मध्यभाग ५५ ते ६५ अंशांवर जातो. आत खुपसून ठेवलेली लोखंडी सळई दहा मिनिटांनी काढली की हाताला चटका बसतो.

डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला, तर युरिया जास्त झाला आणि नत्र अमोनिया होऊन उडतंय. कोरडा पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळावा. राख आणि चुना अजिबात नको. सामू (pH) वाढला, म्हणजे अल्कता वाढली, की अमोनिया आणखी सुटतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर कारण वेगळं, आत हवा नाही, ढीग पालटावा. गांडुळांच्या वाफ्यात युरिया घालू नये, अमोनियाने गांडुळं मरतात.

नारळाच्या सोडणांवर ही मात्रा चालत नाही. त्यांतलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा घटक, बुरशीच हळूहळू फोडते आणि जादा नत्राने तिचं काम उलट मंदावू शकतं. सोडणं वेगळी काढून झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकावीत.